जहाज गोदीत, खलाशी कुठे? : तरंगत्या बराकींची गोष्ट

आरमाराचा इतिहास म्हटलं की आपण लढायांकडे वळतो. आज आपण जरा वेगळा प्रश्न घेऊ. जहाज दुरुस्तीला लागतं तेव्हा त्यावरची माणसं राहतात कुठे?

म्हणजे बघा, गलबत सुक्या गोदीत चढवलं की त्याच्याभोवती पाणीच उरत नाही. मग संडासाला, यंत्रं थंड ठेवायला, आग विझवायला समुद्राचं पाणी खेचायचं कुठून? वीज किनाऱ्यावरून घ्यावी लागते. डेकवर कुठे गंज खरवडणं चालू, कुठे वेल्डिंग. पूर्वी लाकडी जहाजांवर यंत्रं नव्हती, पण डांबर होतं, आग होती. तेव्हाही माणसं खाली उतरवावीच लागत.

ब्रिटिश आरमाराचा यावरचा जुना उपाय म्हणजे 'हल्क'. म्हाताऱ्या युद्धनौकेच्या डोलकाठ्या उतरवायच्या, वर छप्पर घालायचं आणि बंदरात बांधून ठेवायचं. गोदीत गेलेल्या जहाजाचे लोक तिथे राहत. इथे आपल्या मुंबईचा धागा येतो. वाडिया मिस्त्र्यांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची जी जहाजं बांधली, ती कुजेनात. त्यामुळे लढायची उमेद संपली तरी त्यांना असली कामं मिळत राहिली. 1824 साली मुंबईत बांधलेलं 'एशिया' नवारिनोच्या लढाईत ॲडमिरलचं जहाज होतं, आणि पुढे कित्येक वर्षं पोर्ट्समथ बंदरात नुसतं उभं होतं. 'कॉर्नवॉलिस'वर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला. त्याचा शेवट शीअरनेसला धक्का म्हणून झाला, हां, चक्क जेटी! 

पण हल्कची गरज एकदम वाढली ती एका कागदी बदलामुळे. 1853 पर्यंत खलाशी एका जहाजापुरता भरती होई. जहाज परतलं की पगार हातात आणि माणूस मोकळा. त्या वर्षी सलग दहा वर्षांची नोकरी आली. माणूस आता आरमाराचा झाला. मग दोन जहाजांच्या मधल्या काळात त्याला ठेवायचं कुठे? हल्क कोंदट, ओलसर, गर्दीचे. तरी चॅटमला किनाऱ्यावर पक्की बराक उघडायला 1903 उजाडलं. पन्नास वर्षं लागली. आमच्या मते यात कंजूषपणा होताच, पण खलाशी म्हणजे जहाजावरचाच जीव, त्याला जमिनीवर घर कशाला, ही समजूतही होती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जुनी जहाजं शोधत न बसता बराकच बांधायला घेतली. पॅसिफिकमधल्या बेटांवर ना गाव ना घर, आणि दुरुस्तीचा तळ तिथेच उभारायचा. म्हणून सुमारे 80 मीटर लांबीचे, इंजिन नसलेले बार्ज, वर मजल्यांची इमारत, आत बंक, भटारखाना, धोबीखाना. ओढून न्यायचे आणि बांधायचे. सहाशेच्या वर माणसं एकावर मावत. 1944-45 च्या या बार्जपैकी काही एकविसाव्या शतकातही वापरात होते. याचं कौतुक करावं की लाज वाटावी, तुम्हीच ठरवा.

इतके का टिकले? कारण नवे मागायला कोणी उत्सुक नव्हतं. विनाशिका मागितली तर ताफ्याची संख्या वाढते, फोटो निघतो. राहायचा बार्ज कुठल्याच मोजणीत येत नाही. शेवटी सप्टेंबर 2018 मध्ये मिसिसिपीतल्या व्हीटी हॉल्टर मरीन कंपनीला दोन नव्या बार्जचं कंत्राट मिळालं, सुमारे 7 कोटी 78 लाख डॉलरचं, पुढचे आणखी घ्यायची मुभा ठेवून. क्षमता पुन्हा सहाशेच्या आसपास.

आणि तरीही 2022 आलंच. 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही विमानवाहू नौका 2017 पासून व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला अणुइंधन बदलायला उभी होती. काम चार वर्षांचं, ते रखडलं. किनाऱ्यावर घर घ्यायला भत्ता न मिळणारी कनिष्ठ मुलं, अशी सुमारे चारशे, त्या आवाजात, वीज आणि गरम पाणी मधेच जाणाऱ्या जहाजावर राहत होती. एप्रिलमध्ये एका आठवड्याच्या आत तीन नौसैनिकांनी आत्महत्या केली. चौकशीत त्या तीन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध आढळला नाही, आणि एका आत्महत्येला एकच कारण असतं असं आपणही म्हणू नये. पण मृत्यूंनंतर लगेच दोनशेहून जास्त जणांना जहाजावरून हलवता आलं. मग आधी का नाही हलवलं?

मे 2023 मध्ये नौका ताफ्यात परतली. त्याच महिन्यात राहणीमानावरचा दुसरा अहवाल आला. त्यात मोठ्या धोरणांबरोबर एक साधी गोष्ट होती : गाड्या लावायची जागा इतकी लांब, की कामावर पोचण्यातच रोजचा बराच वेळ जाई. प्रश्न असतील तर आता घेऊया.