वहाण व वादी

१. वादीसाठीं म्हैस मारणें ही म्हण पुष्कळांस ठाऊक असते; परंतु वादी म्हणजे काय, हें विचारल्यास थोड्यांसच सांगतां येतें. वादी म्हणजे चामड्याची अरुंद, लांब पट्टी. वहाणेचा तळ, पट्टा, अंगठा व कान हीं अंगें वादीनेंच शिवून एक करीत. खिळ्याचें तेथें काम नसे. कोल्हापुरी वहाणेंत ही रीत अद्याप दिसते. इतरत्र खिळा व सुताचा दोरा आला, आणि शब्द पायांतून निघून पखवाजाच्या पट्ट्यांपुरता उरला.

२. वादीचें मूळ संस्कृत वर्ध्र. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत वर्ध्री ही नध्री व वरत्रा यांच्या पंक्तीस बसविली आहे. पाणिनीनें चामड्याच्या वस्तूंकरितां स्वतंत्र सूत्र (५.१.१५) केलें असून काशिकेंत त्याचें उदाहरण वार्ध्र, म्हणजे वादीस योग्य असें चामडें, हें दिलें आहे. प्राकृतांत वर्ध्राचें वद्ध झालें. त्यावरून वाधी, व महाप्राण जाऊन वादी. गुजरातींतील वाधरी ही तिचीच बहीण होय.

३. वहाण शब्दाचा वाहनाशीं संबंध जोडणें मात्र भ्रांतिमूलक आहे. त्याचें मूळ उपानह्. त्यांतील नह् धातूचा अर्थ बांधणें. पालींत न व ह यांची अदलाबदल होऊन उपाहना झालें, प्राकृतांत वाहणा, आणि जुन्या मराठींत वाहाणा. हिंदी पनहींत मूळ क्रम टिकला आहे. नध्री हीहि नह् धातूचीच. तात्पर्य, जी पायाशीं बांधावयाची ती वहाण.

४. ही चर्चा केवळ वैयाकरणांच्या करमणुकीची नव्हे. निवाडापत्रांतील अग्रवादी व पश्चिमवादी वाचून आपली दृष्टि एका अर्थास सरावलेली असते. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत. अशा वेळीं खर्चाच्या तपशिलांत वादी आली, तर नसलेला पक्षकार उभा करण्याचा धोका आहे. शेजारीं संख्या, किंमत, मोट, नाडा अथवा चामडें असल्यास ती चांभाराची वादी समजावी.

५. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) ग्रंथांत बलुतेदारांची व्यवस्था वर्णिली आहे. वहाण शिवणारा चांभार हा त्या व्यवस्थेंतलाच. मुळशी खोऱ्यांत सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. तरी धरण १९२७ सालीं पुरें झालें व गांवें पाण्याखालीं गेलीं. गांव उठला कीं बलुतें उठतें, आणि बलुत्याबरोबर वस्तूंचीं नांवें. त्या गांवांतून उठलेल्या घराण्यांपाशीं जुने रुमाल असल्यास संग्राहकांनीं सनदा व महजर यांवरच न थांबतां किरकोळ खर्चाच्या यादीहि उतरून घ्याव्या. बुडालेल्या गांवाचा संसार त्यांतच सांपडण्याचा संभव अधिक.