दोन दिवे, एक रेषा: मिशिगन सरोवराकाठची बेलीज हार्बरची जोडदीपगृहं

दीपगृह म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? खडकावरचा उंच मनोरा, भोवती फेसाळणाऱ्या लाटा आणि वर गोल फिरणारा प्रकाशाचा झोत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेलीज हार्बर नावाचं छोटंसं गाव आहे. तिथलं दीपगृह पाहिलं तर हे दीपगृह आहे हे सांगूनही पटत नाही. झाडीत एक पांढरं लाकडी घर आणि छपराच्या टोकाला खिडक्या असलेली इवलीशी खोली. गावातली जुनी शाळा असावी, फार तर चर्च! त्या घराकडे पाठ करून पाण्याच्या दिशेने पाहिलं की समोर सरळ रेषेत, सुमारे ९५० फुटांवर, आणखी एक इमारत दिसते. ती तर जेमतेम २१ फूट उंच आहे, खालून चौकोनी आणि वरून अष्टकोनी.

या दोन इमारती मिळून एक काम करायच्या. अशा जोडीला 'रेंज लाइट्स' म्हणतात, आपण सोयीसाठी जोडदिवे म्हणू. ही जोडी १८६९ साली बांधली गेली आणि शंभर वर्षं जहाजांना बंदराची वाट दाखवत राहिली. आज तिथे जाणारे बरेच पर्यटक वरच्या घरासमोर एक सेल्फी काढून परततात. पण एकट्या घराचा फोटो म्हणजे अर्धं दीपगृह! खरी गंमत त्या दोघांमधल्या रेषेत आहे.

सरोवरात दीपगृह कशाला?

हा प्रश्न आपल्याला पडणं साहजिक आहे, कारण सरोवर म्हणजे लोणार किंवा फार तर एखाद्या मोठ्या धरणाचा जलाशय इतकंच आपण पाहिलेलं असतं. मिशिगन सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट! लांबी पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि सर्वांत खोल ठिकाणी खोली २८० मीटरच्या वर. पाणी गोडं असलं तरी वादळं समुद्रासारखीच होतात. एकोणिसाव्या शतकात धान्य आणि लाकूड वाहून नेणाऱ्या शिडाच्या जहाजांची इथे रीघ असायची.

बेलीज हार्बर ज्या द्वीपकल्पावर आहे तो डोर परगणा. या नावातलं 'डोर' म्हणजे दारच, पण हे दार साधं नाही. द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या सामुद्रधुनीला फ्रेंचांनी 'मृत्यूचं दार' असं नाव दिलं होतं, त्यावरून हे आलं.

गावाच्या नावामागेही वादळच आहे. १८४८ साली कॅप्टन बेली यांचं जहाज वादळात सापडलं आणि त्यांनी या अनोळखी उपसागरात आसरा घेतला. वादळ ओसरल्यावर किनाऱ्यावरचं दाट जंगल आणि दगड पाहून त्यांनी मिलवॉकीला परतल्यावर मालकाला ही बातमी दिली. मालकाने इथे धक्का बांधला, वस्ती सुरू झाली आणि सरकारकडे दीपगृहाची मागणी गेली. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला बंदराच्या तोंडाशी असलेल्या बेटावर पहिलं दीपगृह उभं राहिलं. पण ते पुरेसं ठरलं नाही. म्हणून १८६९ मध्ये काम दोघांत वाटून दिलं गेलं. ईशान्येला काना आयलंडवर ८९ फुटी मनोरा बांधला. दुरून येणाऱ्या जहाजाला 'किनारा जवळ आला' हे सांगण्याचं काम त्याचं. आणि बंदराच्या आत 'आता नेमकं इथून ये' हे सांगायला आपले जोडदिवे.

दोन दिवे वाट कशी दाखवतात?

एकटा दिवा फक्त एवढंच सांगू शकतो की मी इथे आहे. तुम्ही त्याच्याकडे कुठल्याही बाजूने जाऊ शकता, आणि मध्ये पाण्याखाली खडक असेल तर दिव्याकडे बघत बघत थेट त्यावरच आदळू शकता. जागा कळते, वाट कळत नाही. बंदरात शिरताना नेमकी वाटच हवी असते, कारण दोन्ही बाजूंना पाणी उथळ असतं आणि खोल पाण्याचा पट्टा अरुंद.

आता दोन दिवे घ्या. एक पुढे आणि खाली, दुसरा त्याच्या बराच मागे आणि उंचावर. पाण्यातल्या सुरक्षित वाटेची रेषा जमिनीवर वाढवत नेली तर दोन्ही दिवे तिच्यावर यायला हवेत. जहाज त्या रेषेवर असेल तर कप्तानाला एक दिवा बरोबर दुसऱ्याच्या डोक्यावर दिसतो. जहाज थोडं उजवीकडे सरकलं की खालचा दिवा वरच्याच्या डावीकडे गेलेला दिसतो. डावीकडे सरकलं तर उलट. त्यामुळे नियम अगदी सोपा होतो: खालचा दिवा ज्या बाजूला सरकला असेल त्या बाजूला सुकाणू वळवा, दोन्ही पुन्हा एकावर एक येईपर्यंत.

बंदुकीने नेम धरताना माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणतात, तसंच हे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका ओळीत आणून होडी आत घेणं हे जगभरच्या मच्छीमारांचं जुनं तंत्र आहे. इथे त्या खुणा रात्री दिसाव्यात म्हणून पेटवल्या, इतकाच फरक. यात ना कुठलं यंत्र आहे, ना गणित. घरात करून बघायचं असेल तर एक बुटकी आणि एक उंच बाटली टेबलावर मागेपुढे ठेवा आणि एक डोळा मिटून डोकं इकडेतिकडे हलवा.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्षात येईल. बाटल्या चिकटून ठेवल्या तर डोकं बरंच हलवावं लागतं तेव्हा कुठे त्या वेगळ्या दिसतात. अंतर वाढवलं की जरा हललं तरी फरक जाणवतो. म्हणून तर ते ९५० फूट! मागचा दिवा लांब नेला की जहाजाची लहानशी चूकही लगेच डोळ्यात भरते. आणि जहाज किनाऱ्याच्या जितकं जवळ येईल तितकी ही जोडी अधिक काटेकोर होत जाते, म्हणजे धोका वाढतो त्याच वेळी. इतक्या साध्या वस्तूत इतका शहाणपणा क्वचितच सापडतो.

अर्थात एक अट आहे. दोन्ही दिवे पाण्यावरून दिसले पाहिजेत, म्हणून मधल्या जंगलात एक सरळ पट्टा मोकळा ठेवावा लागला. हे दिवे पेटते ठेवणारा राखणदार वरच्या घरात राहायचा. दिवे तेलाचे होते तोवर रोज दोन्ही ठिकाणी जाऊन वाती आणि काचा बघणं हे त्याचं काम. पुढे वीज आली, राखणदाराची गरज उरली नाही आणि काही काळ त्या घरात गावातले लुथरन पाद्री राहत होते. १९६९ मध्ये या जोडीच्या जागी एकच दिशादर्शक दिवा आला. अशा दिव्यात सहसा मधल्या वाटेवर पांढरा आणि दोन बाजूंना लाल-हिरवा प्रकाश पडतो. काम तेच, जागा कमी.

दिव्यांनी वाचवलेलं जंगल

दीपगृहासाठी राखलेली जमीन सरकारी होती, त्यामुळे आजूबाजूला लाकूडतोड आणि घरं वाढत असताना ती बरीचशी तशीच राहिली. १९३० च्या दशकात ती परगण्याच्या ताब्यात आली आणि १९३७ मध्ये तिथे ट्रेलर पार्क, म्हणजे चाकांवरची घरं आणून उभी करण्याचा तळ, करायचं ठरलं.

बाहेरून बघणाऱ्याला त्यात गैर वाटलं नसतं. दलदल आणि झुडपंच तर होती! पण मिलवॉकीच्या सार्वजनिक संग्रहालयातले वनस्पतितज्ज्ञ अल्बर्ट फुलर यांनी विस्कॉन्सिनमधल्या ऑर्किडचा अभ्यास केला होता आणि या तुकड्यात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. सरोवराची पातळी शतकानुशतकं वरखाली होत राहिल्याने इथे वाळूचे तीसेक बांध एकामागे एक तयार झाले आहेत. दोन बांधांमध्ये पाणथळ पट्टा, मग पुन्हा बांध. सरोवरावरून येणाऱ्या गार हवेमुळे एरवी बरंच उत्तरेला आढळणाऱ्या वनस्पती इथे टिकून आहेत. ऑर्किडच्याच पंचवीसहून अधिक जाती! फुलर यांनी गावोगावी व्याख्यानं दिली. उद्यानरचनाकार येन्स येन्सेन आणि शेजारच्याच टॉफ्ट्स पॉइंटवर राहणाऱ्या एम्मा टॉफ्ट यांनी साथ दिली. ट्रेलर पार्क बारगळला आणि त्याच वर्षी 'द रिजेस सँक्च्युअरी' ही संस्था स्थापन झाली. तीस-चाळीस एकरांपासून सुरू झालेलं हे अभयारण्य आज सुमारे १,६०० एकरांचं आहे.

इथे फुलणारा बोटभर उंचीचा निळा-जांभळा 'ड्वार्फ लेक आयरिस' जगात फक्त मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांच्या उत्तर भागातच सापडतो. १९८८ साली अमेरिकेच्या केंद्रीय यादीत धोक्यातली वनस्पती म्हणून त्याची नोंद झाली. 'हाइन्स एमराल्ड' नावाचा हिरव्या डोळ्यांचा दुर्मीळ चतुरही इथल्या पाणथळीत वाढतो.

जायचं असेल तर

शिकागोला कुणी नातेवाईक असतील आणि उन्हाळ्यात तिकडे जाणं होणार असेल, तर दोन दिवसांची सहल नक्की जमेल. शिकागोहून गाडीने साधारण साडेचार तास, मिलवॉकीहून तीन. हायवे ५७ वरच्या अभयारण्याच्या केंद्रातून आत गेलं की लाकडी पायवाट जोडदिव्यांपर्यंत नेते. पायवाटांसाठी शुल्क आहे, आणि वरच्या घरात शिरता येईल का हे मोसमावर आणि मार्गदर्शक फेऱ्यांच्या वेळांवर ठरतं. निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. आयरिससाठी मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, लेडीज स्लिपर ऑर्किडसाठी जूनचा उत्तरार्ध. त्याच दिवसांत डासही भरपूर असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. फुलांच्या फोटोसाठी पायवाटेवरून खाली मात्र उतरू नका. चपटी पानं दिसत नाहीत आणि पायाखाली जातात.

वेळ असेल तर काना आयलंडही बघा. तिथे जाण्याची वाट दगडांच्या बांधावरून आहे आणि पाणी चढलं की ती बुडते, मग ट्रॅक्टरच्या गाडीतून नेतात. मनोऱ्यावर चढायला मिळतं आणि तिथला दिवा अजून चालू आहे. फोटो तिथेच जास्त चांगले येतात, हे खरं.

पण जोडदिव्यांपाशी मात्र घाई करू नका. आधी वरच्या घरापासून खालच्या दिव्यापर्यंत त्या सरळ पट्ट्यातून चालत जा. मग खालच्या दिव्याच्या पुढे, पाण्याच्या बाजूला उभे राहून मागे वळा आणि दोन पावलं डावी-उजवीकडे सरकून बघा. ते घर खालच्या दिव्याच्या बरोबर मागे येईल, त्या जागी फोटो काढा.