‘छावा’, लेझीम आणि माझ्या मित्राचं आडनाव

मीरा रोडहून बोलतोय. भाईंदरला गाडीत चढला असाल तर बोरिवली यायच्या आत आजचा एपिसोड संपेल. विषय तुम्हीच सुचवलाय. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त मेसेज आले ते एकाच सिनेमाबद्दल, ‘छावा’बद्दल. पडद्यामागे काय घडलं, वाद कशावरून झाले, आणि त्यातलं खरं किती?

आधी गमतीच्या गोष्टी. सिनेमा 14 फेब्रुवारी 2025 ला आला. खरं तर तो डिसेंबर 2024 मध्येच येणार होता, पण त्याच वेळी ‘पुष्पा 2’ होता, म्हणून तारीख पुढे गेली. विकी कौशलने या भूमिकेसाठी वीस-पंचवीस किलो वजन वाढवलं, घोडेस्वारी आणि तलवारबाजी शिकला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी मुलाखतीत सांगितलं की छळाचं दृश्य शूट करताना विकीचे हात रात्रभर बांधलेले होते. सकाळी सोडले, तर हात खालीच येईनात. मग शूटिंग काही आठवडे बंद ठेवावं लागलं. सिनेमात रायाजी झालेला संतोष जुवेकर म्हणाला की औरंगजेब साकारणाऱ्या अक्षय खन्नाशी तो सेटवर बोललाच नाही. त्यावरून बिचाऱ्यावर इतके मीम झाले की विचारू नका.

सगळ्यात भारी किस्सा मात्र सिनेमागृहाबाहेरचा. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाचा किल्ला आहे. सिनेमात बुऱ्हाणपूरचा खजिना दिसला आणि मार्चमध्ये तिथली माणसं रात्री मोबाईलच्या टॉर्चवर शेतं खणायला लागली. सोन्याची नाणी मिळतील म्हणून!

आता वाद. पहिला लेझीमचा. जानेवारीत ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. महाराजांना नाचताना दाखवलं म्हणून ओरड झाली, मंत्र्यांनीही आक्षेप घेतला. उतेकर राज ठाकरेंना भेटले आणि दृश्य काढून टाकतो म्हणून जाहीर केलं. विषय तिथे मिटला.

दुसरा वाद मात्र कात्री लावून मिटणारा नव्हता. तो माझ्या बिल्डिंगपर्यंत आला.

माझा एक मित्र आहे, दोन मजले वर राहतो. आडनाव शिर्के. आम्ही दोघांनी सिनेमा एकत्र पाहिला. शेवटाला आख्खं थिएटर रडत होतं, हाही रडत होता. घरी पोचलो तोवर सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, ‘शिर्के, तुमच्यामुळे राजे गेले.’ खाली हसण्याचे इमोजी. तो मला एवढंच म्हणाला, “अरे, मी काय केलं?”

सिनेमात गणोजी आणि कान्होजी महाराजांचा ठावठिकाणा मुघलांना देतात. आडनाव घेतलेलं नाही, असं उतेकरांचं म्हणणं. पण गणोजी म्हटल्यावर महाराष्ट्रात कोण ते सांगावं लागत नाही. शिर्के घराण्यातल्या मंडळींनी 100 कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला, आणि उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली.

मग इतिहास काय सांगतो? नीट ऐका.

गणोजी शिर्के म्हणजे येसूबाईंचे भाऊ. शिवाजी महाराजांची लेक राजकुंवर त्यांना दिलेली, म्हणजे दोन्हीकडून सोयरे. शिर्क्यांचं वतनावरून बिनसलं होतं, हे खरं. 1688 च्या अखेरीस शिर्के आणि कवी कलश यांच्यात लढाई झाली. कलश खेळण्यावर, म्हणजे विशाळगडावर गेले, आणि त्यांच्या मदतीला महाराज रायगडाहून निघाले. जेधे शकावलीत ही नोंद आहे. तिथून परतताना 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरला मुकर्रबखानाने त्यांना पकडलं.

खबर दिली कुणी? ‘मआसिर-इ-आलमगिरी’ हा औरंगजेबाच्या बाजूचा इतिहास. त्यात शिर्क्यांशी झालेल्या भांडणाचा उल्लेख आहे, पण खबर आणली हेरांनी, असं म्हटलंय. म्हणजे वैर होतं याला पुरावा आहे. फितुरी गणोजींनीच केली याला तसा समकालीन, पक्का पुरावा नाही. सिनेमा ज्यावर बेतलाय ती शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी आहे, 1979 ची. कादंबरीला मोकळीक असते. आपण ती मोकळीक कधी पुरावा म्हणून वापरायला लागतो, ते आपल्यालाच कळत नाही.

आणि या गोष्टीचा पुढचा भाग सिनेमात नाहीच. महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले. मुघलांनी वेढा घातला, आणि त्या वेढ्यात मुघलांकडून कोण होतं? गणोजी शिर्के. 1697 च्या अखेरीस राजाराम महाराज त्या वेढ्यातून निसटले ते याच गणोजींच्या मदतीने. बोलणी केली खंडो बल्लाळ यांनी. मदतीच्या बदल्यात त्यांनी दाभोळचं आपलं वतन शिर्क्यांना देऊन टाकलं, असं परंपरा सांगते. हे खंडो बल्लाळ कोण? बाळाजी आवजी चिटणीसांचे पुत्र. त्याच बाळाजींना 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या हुकमाने मृत्युदंड झाला होता.

थांबा, हे परत सांगतो. बाप ज्यांच्या हुकमाने गेला, त्यांच्याच भावाला वाचवायला मुलाने वतन सोडलं. आणि ज्याला आपण गद्दार म्हणतो, त्याने वाट करून दिली.

आता एक सावधानता. वतनाची ही गोष्ट चिटणीस घराण्याच्या बाजूने आलेली आहे, त्यामुळे थोडी जपून ऐकायची. याच घराण्यातल्या मल्हार रामरावांनी शंभरएक वर्षांनी बखर लिहिली आणि तिच्यात संभाजी महाराजांचं चित्र काळंकुट्ट रंगवलं. पिढ्यान् पिढ्या नाटकांनी तेच उचललं. ते पुसायला वा. सी. बेंद्रे यांना वर्षानुवर्षं कागद शोधावे लागले, तेव्हा कुठे 1960 मध्ये त्यांचं चरित्र आलं. एका बखरीने महाराजांवर जो अन्याय केला, तोच आपण एका सिनेमावरून दुसऱ्या घराण्यावर करायचा का?

आणि हे फक्त ग्रुपवरच्या इमोजीपुरतं राहत नाही. 17 मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल पेटली. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत म्हटलं की ‘छावा’मुळे लोकांच्या भावना जाग्या झाल्या. जाळपोळ मात्र आजच्या माणसांच्या गाड्यांची झाली.

मागच्या रविवारी मित्राला घेऊन आपल्या घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो. संभाजी महाराजांच्या काळात हा किल्ला पोर्तुगिजांकडे होता, मराठ्यांकडे आला तो 1737 मध्ये. बुरुजावर बसून त्याला जिंजीची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे ग्रुपवर टाकू का?”

म्हटलं, टाक. लांब आहे, कुणी वाचणार नाही. पण टाक.

त्याने टाकलं. हसणारा इमोजी एकही आला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, “जिंजी म्हणजे नेमकी कुठे रे?”

तामिळनाडूत, काका. त्यावर पुढचा एपिसोड करतो. तोवर हा एपिसोड तुमच्या एखाद्या शिर्के मित्राला पाठवा. भेटूया!