सुट्या भागांची आज्ञावली

सायकलची साखळी तुटली तर आपण साखळी बदलतो, सायकल नव्हे. यंत्रांच्या बाबतीत हे तत्त्व आपल्या अंगवळणी पडले आहे. संगणकाच्या आज्ञावल्यांत ते रुजायला मात्र वेळ लागला. आणि रुजल्यावर त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला.

१९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी एक टिपण लिहिले. बागेतल्या रबरी नळीला दुसरी नळी जोडावी, तशी एका आज्ञावलीला दुसरी जोडता आली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ मध्ये केन टॉम्सन यांनी युनिक्स प्रणालीत ही सोय केली. एका आज्ञावलीने मजकुरातले शब्द सुटे करायचे, दुसरीने ते क्रमाने लावायचे, तिसरीने मोजायचे. त्याआधी, १९७२ साली, डेव्हिड पार्नस यांनी मांडले होते की प्रत्येक भागाने आपली आतली रचना झाकून ठेवावी. म्हणजे एक भाग बदलला तरी इतरांना धक्का लागत नाही.

काम असे तुकड्यांत विभागता आले, की ते अनेकांना वाटून घेता येते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातील प्रत्येक आज्ञावलीची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, इतरांना द्यावी, अशी मुभा होती. अनेक साधने तयार झाली, पण प्रणालीचा गाभा अपुरा राहिला. १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तो लिहायला घेतला. दोघांनीही युनिक्सचे संकेत पाळले होते, म्हणूनच ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा जुळू शकले.

आता नवा प्रश्न. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा, जेमतेम अकरा ओळींचा एक भाग त्याच्या लेखकाने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला. त्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावल्यांची बांधणी काही तास अडून राहिली. २०२४ साली याहून गंभीर प्रकार उघड झाला. ‘एक्सझेड’ हा माहिती आक्रसून ठेवणारा भाग एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. कोणा अनोळखी व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करून त्याचा विश्वास संपादला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने शोध घेतला, म्हणून तो सापडला.

संहिता सर्वांना खुली होती. पण चोरदरवाजाचा काही भाग फक्त वाटपासाठी बांधलेल्या संचात होता. म्हणून पुढची दिशा विज्ञानाच्या ओळखीच्या वाटेने जाते. कोणत्या आज्ञावलीत कोणते भाग आहेत, याची यादी हवी. प्रयोग दुसऱ्याने केला तरी तेच उत्तर यावे, तसा त्याच संहितेतून कोणीही तोच संच बांधून पडताळू शकला पाहिजे. आणि हे भाग सांभाळणाऱ्यांना सोबत व मोबदला मिळायला हवा.

पार्नस यांनी भागाची आतली रचना झाकायला सांगितली होती. ती झाकताना सांभाळणारा माणूसही आपल्या नजरेआड झाला. त्याला पुन्हा नजरेसमोर आणणे, हे आता पुढचे काम आहे.