बिझनेस व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे

मांजरी (प्रतिनिधी) - हडपसर आणि मगरपट्टा परिसरातील संगणक कंपन्यांमुळे मांजरी बुद्रुकसारख्या उपनगरात ‘ऑनसाइट’ हा शब्द घरोघरी रुळला आहे. दुसरीकडे वेल्डर, वीजतंत्री, वाहनचालक आखाती देशांची वाट धरतात. दोघांनाही घाई असते आणि ‘व्हिसा आला’ हे दोनच शब्द पुरेसे वाटतात. मात्र तो व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

दोन कागद, दोन अर्थ

व्हिसा ही त्या देशात प्रवेश मागण्याची मुभा. वर्क परमिट हा तेथे काम करण्याचा परवाना. काही देशांत दोन्ही एकत्र मिळतात, काही देशांत स्वतंत्रपणे. बिझनेस व्हिसा हा बैठका, कराराच्या वाटाघाटी, परिषदा यांसाठी असतो. पगार भारतातील कंपनी देते, तेव्हा बिझनेस व्हिसावर काम केले तरी चालते, हा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेच्या ‘बी-१’ व्हिसावर ग्राहकाच्या कार्यालयात बसून तेथील कर्मचाऱ्याप्रमाणे संगणक प्रणाली लिहिता येत नाही.

याच मुद्द्यावर इन्फोसिसविरुद्ध अमेरिकी सरकारने केलेली कारवाई गाजली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. व्हिसाच्या गैरवापराचा आरोप कंपनीने नाकारला होता. मोठी कंपनी दंड भरून पुढे जाऊ शकते. सामान्य कर्मचाऱ्याचे तसे नसते. व्हिसा मिळवण्यासाठी खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास अमेरिकेचे दार त्याला कायमचे बंद होऊ शकते.

अर्ज आधी मालकाचा

बहुतेक देशांत कामाच्या परवान्याची सुरुवात नोकरी देणाऱ्यापासून होते. अमेरिकेच्या ‘एच-१बी’साठी कंपनी प्रथम तेथील कामगार खात्याची मान्यता घेते, नंतर इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करते. तो मंजूर झाल्यावरच उमेदवार मुंबईतील किंवा अन्य वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जातो. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार एवढीच मर्यादा असल्याने सोडत काढली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यावर ही वाट आणखी अवघड झाली.

जर्मनीने २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठी वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तेथे नोकरीचा करार आणि बहुतेक व्यवसायांत पदवीची किंवा प्रशिक्षणाची मान्यता पाहिली जाते. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर जाऊन नोकरी शोधू व तेथेच राहू, हा बेत कायद्यात बसत नाही.

दहावी न झालेल्यांनी

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ अशी नोंद असते. सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, कतार, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया आदी देशांत नोकरीला जाण्यापूर्वी अशा व्यक्तीला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाची मंजुरी लागते. त्यासाठी मालकाचा करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाख रुपयांचा विमा उतरवावा लागतो. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे परमिट काढू’ असे एजंट सांगतो, तेव्हा ही तपासणी आणि हा विमा दोन्ही चुकवले जातात. उद्या पगार थकला वा अपघात झाला, तर त्या माणसाच्या हाती दाखवण्यासारखा कागदच नसतो.

थायलंडमध्ये चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेण्यात आले आणि तेथे त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करून घेण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने अशा साठहून अधिक भारतीयांची सुटका केली.

एजंटाची पारख

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी आहे. पावती न देणारा, रोख मागणारा आणि नोंदणी क्रमांक सांगताना अडखळणारा एजंट दूर ठेवावा.

जाण्यापूर्वी हे पाहा

- व्हिसावरील प्रकार, मुदत आणि मालकाचे नाव करारातील मजकुराशी जुळते का?
- करारात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे भाडे नमूद आहे का?
- पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्र लागणार असल्यास पासपोर्ट कार्यालयामार्फत वेळेत अर्ज केला का? मांजरीकरांना मुंढव्यातील पासपोर्ट सेवा केंद्र जवळचे आहे.
- प्रमाणपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का हवा, की संबंधित दूतावासाचे साक्षांकन, याची खातरजमा केली का?

सर्व कागदांची एक प्रत घरच्यांकडे ठेवावी. परदेशात अडचण आल्यास भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा किंवा ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रार घरच्यांनाही करता येते. पण करार आणि व्हिसाची प्रत त्यांच्या हाताशी असली, तरच तिला बळ येते.