गुलाबाची छाटणी

परतीचा पाऊस थांबला की महाराष्ट्रातील घरगुती बागा आवरण्याचे दिवस येतात. पावसाळ्यात बेसुमार वाढलेला गुलाब या सुमारास किडकिडीत झालेला असतो. शेंड्याला एखादे फूल आणि खाली नुसत्या काड्या. त्याची मुख्य छाटणी ऑक्टोबरात केली जाते. गुलाबाचे फूल नव्या फुटीवर येत असल्याने हिवाळ्याचा बहर या छाटणीवरच अवलंबून असतो. छाटणीनंतर साधारणपणे ४५ दिवसांनी फुले येऊ लागतात.

पाऊस रेंगाळला असेल तर मात्र घाई करू नये. दमट हवेत ताज्या कापावर बुरशी बसते व फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत जाते. हाच ‘डायबॅक’. तो खोडापर्यंत उतरला तर झाड हाती लागत नाही.

प्रथम वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढाव्यात. उरलेल्यांपैकी जोमदार अशा चार-पाच फांद्या राखून त्या साधारण निम्म्या उंचीवर छाटाव्यात. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर सुमारे अर्धा सेंटिमीटर, डोळ्याच्या विरुद्ध दिशेस उतरता असावा. फांदीचा गाभा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी दिसल्यास आणखी खाली कापावे. येथे हात आखडता घेतला की रोग आतच राहतो. सिकेटर धारदार हवे आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसून घ्यावे. जाड फांद्यांच्या कापांना बोर्डो पेस्ट लावतात. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून १ लिटर पाण्यात ती तयार होते. लोखंडी भांडे वापरू नये.

झाडाचा सर्वांत मोठा घात मात्र छाटणीत नव्हे, दुर्लक्षात होतो. रोपवाटिकेतील बहुतेक गुलाब जंगली खुंटावर डोळा भरून केलेले असतात. या जोडाच्या खालून निघणारा धुमारा जोमदार असतो. नवी फूट म्हणून तो कौतुकाने राखला जातो आणि एक-दोन वर्षांत वरचा गुलाब मरून जंगली झाडच शिल्लक राहते. ‘गुलाबाचा रंग बदलला’ ही तक्रार पुष्कळदा याचीच असते. असा धुमारा माती बाजूला करून उगमापासून ओढून काढावा. वरून कापल्यास तो पुन्हा फुटतो.

मिनिएचर गुलाबाची छाटणी हलकी ठेवावी, तर वेलीगुलाबाच्या फक्त जुन्या फांद्या विरळ कराव्यात. काळे ठिपके पडलेली पाने गोळा करून नष्ट करावीत, खतात टाकू नयेत. नंतर कुजलेले शेणखत द्यावे. फूट येईपर्यंत पाणी बेतानेच.

बागेतील इतर झाडांवर याच वेळी कात्री चालवण्याचा मोह आवरावा. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत होते. आंब्याला मोहोर पक्व फांदीवर येतो. ऑक्टोबरात छाटल्यास त्या वर्षीचे फळ जाते. शिवाय शहरांतील वृक्षांना १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. त्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेत त्यास इजा करणेही येते, म्हणून अंगणातील मोठ्या झाडाच्या फांद्या उतरवण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे विचारणा करावी.