रक्तदानातील सुरक्षितता व नंतरची काळजी

रक्तदात्यास अपाय होऊ नये म्हणून रक्तदानापूर्वी त्याची तपासणी केली जाते. भारतात दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असावे लागते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९०, तर स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर आवश्यक असते. निर्जंतुक सुई व पिशवी एकदाच वापरली जात असल्याने रक्तदानातून एचआयव्हीसारखा संसर्ग दात्यास होत नाही.

नंतरची काळजी

एका वेळी ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतले जाते. रक्तद्रव एक-दोन दिवसांत भरून निघतो. लोहाची भरपाई होण्यास मात्र अनेक आठवडे लागतात. म्हणून दात्यास विश्रांती, भरपूर पाणी व लोहयुक्त आहार सुचवला जातो. त्या दिवशी जड वस्तू उचलणे टाळावे. भोवळ आल्यास आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. सुईच्या जागी रक्तस्राव झाल्यास हात वर करून ती जागा दाबून धरावी.